मानेचा होकार

१

बाई शिकवायच्या ती शाळा कर्णबधिर मुलांची. तिथं बोलायला शिकवणाऱ्या माणसाचा गळा म्हणजे त्याचा दुसरा फळा. आवाज मुलांना कानाला कळत नाही, हाताला कळतो. एक पंजा बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या. बाई 'ब' म्हणाल्या की गळा आतून घुमायचा, 'प' म्हणाल्या की गप्प. ओठ मात्र दोन्ही वेळा सारखेच मिटायचे. प, ब, म ही ओठांवरची तिळी भावंडं. नुसतं तोंड बघून कोण कोणतं ते ओळखायची सोय नाही. बाईंनी एकतीस वर्षं आपला गळा असा मुलांच्या हातांत दिला होता आणि त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी वर्गात सहा वर्षांची एक मुलगी आली. भलतीच चळवळी, शाळेत सगळे तिला ठिणगीच म्हणत. पहिल्याच दिवशी तिनं बाईंच्या गळ्यावर हात ठेवला, आणि आवाज शोधायचा सोडून हनुवटीखालची लोंबती कातडी चिमटीत धरून झोपाळ्यासारखी हलवली. वर्ग खदखदला. बाईही हसल्या, दुसरं करतात काय? पण त्या दिवसापासून मुलं त्यांच्या ओठांकडे बघेनात. 'पाणी' म्हणा, 'घर' म्हणा, अकरा जोड्या डोळे हनुवटीच्या दोन बोटं खाली खिळलेले.

घरी आल्यावर बाई बाथरूमच्या आरशापुढे उभ्या राहायच्या आणि ती कातडी दोन्ही हातांनी कानांमागे ओढून धरायच्या. वीस वर्षांपूर्वीची बाई समोर यायची. हात सोडले की चालती व्हायची.

"अहो," एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी मानेची शस्त्रक्रिया करून घेणार. नेक लिफ्ट म्हणतात."

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. उभा जन्म लोखंडी दोर आणि ग्रीस यांच्यात गेलेला. "आमच्याकडे दोनच लिफ्ट," तो म्हणाला, "एक माणसांची, एक मालाची. ही तिसरी कुठली काढलीस?"

"चेष्टा नको. मला वर्गात उभं राहवत नाही."

तिचा आवाज ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मग कर. पण चांगल्या माणसाकडून कर."

मुलीनं तर फोनवरच टाळ्या पिटल्या. एकुलती एक लेक, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, आणि तिला पाचवा महिना लागलेला. "करून टाक आई. बाळाबरोबरच्या फोटोत झकास दिसशील."

२

सर्जन हळू बोलणारा होता. टेबलावर एक कागद नाही, की एक डाग नाही. त्यानं बाईंच्या हातात आरसा दिला आणि विचारलं, "नेमकं काय नकोसं झालंय?"

बाईंनी बोट दाखवलं. मग भीती सांगितली. "माझ्या तोंडाला धक्का लागता कामा नये. मुलं ओठांवरून वाचतात. चेहरा ताणला गेला, ओठांची ठेवण बदलली, तर माझं शिकवणंच संपलं."

"लोक दोन्हींची गल्लत करतात, मॅडम. फेस लिफ्ट ही चेहऱ्याची. तिथं काप कानशिलापासून निघतो, कानापुढून उतरतो, कानामागे वळतो. गाल, जबड्यावरून ओघळलेला भाग, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या घड्या, सगळं आतल्या थरासकट वर घ्यावं लागतं. त्यात मानेचंही थोडंफार काम होऊन जातं. तुम्हाला ती नकोच." त्यानं स्वतःच्या कानामागे बोट नेलं. "नेक लिफ्टमध्ये काप कानांच्या मागे, आणि एक लहानसा हनुवटीखाली. जादा चरबी काढायची. मानेच्या पुढचा पातळ स्नायू वयानं सैल होतो, दोन दोऱ्या लोंबल्यासारख्या दिसतात ना, तो मधोमध शिवून घट्ट करायचा. उरलेली कातडी कापून टाकायची. जबड्याच्या रेषेच्या वर काही बदलत नाही."

"म्हणजे चेहरा माझाच राहील."

"चेहरा तुमचाच," सर्जन म्हणाला.

मग त्यानं धोके सांगितले. रक्त साचू शकतं, बधिरपणा काही महिने राहतो, क्वचित एखादी नस दुखावते. बाईंनी सगळं ऐकलं. "मग मानेचंच ठरवायचं?" असं त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. आपण आपल्या मर्जीनं डोलावलेली ती शेवटची, हे त्यांना पुढं फार उशिरा समजलं.

३

शुद्धीवर आल्या तेव्हा दुपार होती. डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट पट्टा, कानांमागून निघालेल्या दोन बारीक नळ्या, उशाला तीन उशा. खोलीत पांढरा पडदा, एक खुर्ची आणि भिंतीतलं कपाट. दुखत फारसं नव्हतं. मान जागेवर आहे की नाही हेच कळत नव्हतं, इतकी ती बधिर होती.

नर्स ट्रे घेऊन दारात थबकली. "झालं का बोलून?"

"कुणाशी?" बाईंचे शब्द दातांमागून आले.

"फोनवर होतात ना? मगाशी दोनदा डोकावून गेले. हो हो करत मान हलवत होतात. मान हलवायची नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी? टाके ओढतील."

फोन कपाटात होता, पिशवीच्या तळाशी.

"झोपेत हलली असेल."

"डोळे टक्क उघडे होते की तुमचे." नर्सनं नळी तपासली, बाटलीतलं पाणी बघितलं. "असू दे. भूल उतरताना होतं काहीबाही. मागं एकीनं मला सासू समजून शिव्या घातल्या होत्या, त्याही जुन्या, साठवलेल्या."

बाईंना हसायचं होतं, पण पट्ट्यात हसू मावेना. नर्स गेल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खुर्ची पलंगाला अगदी टेकलेली होती, डाव्या कानाशी. नवरा बसून गेला असेल असं त्यांना वाटलं. तो संध्याकाळी आला आणि म्हणाला, "लिफ्ट बंद होती खाली. आत्ताच पोचतोय."

४

नवव्या दिवशी टाके निघाले. सूज उतरली तशी मान दिसू लागली आणि ती खरंच सुरेख होती. हनुवटीखाली स्वच्छ काटकोन, कातडी तुळतुळीत. बाई कपाटाच्या आरशापुढे तासन्तास उभ्या राहिल्या. चेहरा चोपन्नचा, मान तिशीची. नवरा म्हणाला, "जुन्या इमारतीला नवा जिना लावलाय झालं," आणि तो सुद्धा चोरून बघायचाच.

एका सकाळी त्या चहा गाळत होत्या. डोकं आपलं आपण डावीकडे कललं. किंचित खाली वाकलं. कुणी बुटकं माणूस खांद्याशी येऊन कानात सांगू लागलं की आपण वाकतो, तसं. आणि तसंच राहिलं. चहा कपाच्या काठावरून बशीत, बशीतून ओट्यावर आला. मग मान वर-खाली झाली, सावकाश, दोनदा.

"हो काय?" नवऱ्यानं वर्तमानपत्रातून विचारलं.

"तुम्ही काही विचारलंत?"

"मगाशी विचारलं होतं चहा टाकतेस का म्हणून. त्याला झाली दहा मिनिटं."

बाईंनी ओटा पुसला. स्नायू शिवलेला आहे, टाक्यांचा ताण आहे. कपडा नव्यानं शिवला की शिवण धरेपर्यंत आखडतोच. मनाला हे पटलं आणि दुपारपर्यंत पटूनही राहिलं. चार वाजता त्या टेबलाशी बसून होत्या तेव्हा पुन्हा डोकं कललं. या वेळी त्यांनी हनुवटीखाली मूठ रोवली, कोपर टेबलावर टेकवलं आणि दम धरला. मान खाली आली. मुठीसकट, कोपरासकट. तो काही झटका नव्हता. एखादं जाणतं माणूस पुरता विचार करून होकार देतं, तसा जड, शांत जोर होता त्यात.

होकारापेक्षा वाईट होतं त्याच्या आधीचं ऐकणं. डोकं कललं की अर्धा मिनिट तसंच. तेवढ्या वेळात घर गप्प व्हायचं. फ्रिजची घरघर थांबायची. आता फ्रिज थांबून थांबूनच चालतो, हे बाईंना ठाऊक होतं. पण दरवेळी तेव्हाच?

त्या दिवशी त्यांनी मोजलं. अकरा वेळा. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला. मान उजवीकडे जाईना, डावीकडे जाईना. इकडे तिकडे बघायचं तर खांदे वळवावे लागत. 'नाही'साठी मानेत जागाच नव्हती.

नवऱ्यानं दारातून पाहिलं. "कुणाचा एवढा मान राखतेस गं?" त्यानं विचारलं. विनोद म्हणून विचारलं, पण दारातून आत आला नाही.

५

शाळा सुरू झाली. मुलांनी नवी मान डोळे भरून पाहिली, खुणांनी एकमेकांना दाखवली, आणि दोन दिवसांत विसरून पुन्हा ओठांकडे बघू लागली. याचसाठी तर सारा खटाटोप. बाईंना वाटलं, एवढ्यावर भागलं तर भागू दे.

तिसऱ्या दिवशी त्या फळ्यावर चित्र काढून वळल्या तर वर्ग रिकामा. सगळी वानरसेना मैदानात. मुख्याध्यापिका दारात उभ्या. "बाई, भर तासाला खेळायला सोडलंत?"

"मी नाही सोडलं."

"मुलं म्हणतात विचारलं, तर तुम्ही मान हलवलीत. दोनदा."

सगळे हसले, बाईही हसल्या. मग उरल्या वेळात ठिणगीला जवळ घेतलं. 'ब'चा सराव राहिला होता. ठिणगीनं हात गळ्यावर ठेवला. बाई 'ब' म्हणाल्या, ठिणगीनं घुमणं ओळखलं, स्वतः काढून दाखवलं. शाबासकी म्हणून बाईंनी तिचा गाल चिमटला आणि दमून क्षणभर गप्प बसल्या.

ठिणगीनं हात काढला नाही.

तिच्या कपाळावर आठी आली. तिनं दुसरा हातही बाईंच्या गळ्यावर आणला, डोळे मिटले. चांगली शिकणारी मुलं असंच करतात, हाताला जे कळलं ते तोंडातून काढून बघतात. बाईंचे ओठ मिटलेले होते. श्वाससुद्धा त्यांनी रोखला होता. आणि ठिणगी तिच्या सपाट, बेसूर आवाजात म्हणाली, "हो."

थांबली. हाताशी लक्ष दिलं.

"हो. हो."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरून बाजूला केले. ठिणगीनं खुणेनं विचारलं, बरोबर आलं? बाईंना ती बरोबर की चूक हेही सांगता येईना, कारण मान आपलं उत्तर आधीच देऊन मोकळी झाली होती.

६

सर्जनकडे दीड महिन्याची तपासणी होती. बाहेरच्या खोलीत खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर. समोर एक बाई बसली होती, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, कानांपुढे बारीक गुलाबी रेघ.

"तुमची नुसती मान?" गॉगलवालीनं आपणहून विचारलं. "सुटलात. माझं सगळं, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. घरं विकायचा धंदा आहे माझा. गिऱ्हाइकाला घराआधी चेहरा दाखवावा लागतो."

"छान झालंय," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"झालंय छान." गॉगलवाली जराशी पुढे झुकली. "पण नवरा म्हणतो मी हल्ली पुटपुटते. आवाज नाही, नुसते ओठ. मला पत्ता नसतो. तुम्हाला असं काही?"

बाई काही बोलायच्या आत गॉगलवालीनं मासिक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. खोलीत घड्याळ होतं, त्याची टिकटिक होती. ती टिकटिक नाहीशी झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की त्यांचं डोकं डावीकडे कलतंय.

समोर गॉगलवालीचे ओठ हलत होते. मासिकाचं पान उलटत होती, आणि ओठ वेगळंच काही करत होते. बाईंनी एकतीस वर्षं ओठ वाचले होते. न वाचायचं ठरवूनही वाचले गेले. ओठ मिटले. 'आ'वर उघडले. जीभ मागे वळली. मग पुन्हा 'आ', पुन्हा ओठ मिटले, दात दिसले. दोन शब्द. भुवया वर. प्रश्न.

बाळ आमचं?

बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःची मान धरली. नखं रुतली. मान त्यांच्या हातांतून वर-खाली झाली, सावकाश, दोनदा.

घड्याळ पुन्हा ऐकू आलं. "काय म्हणालात तुम्ही?" बाई ओरडल्याच.

गॉगलवालीनं दचकून वर पाहिलं. "मी? मी कुठं काय म्हटलं?"

७

प, ब, म. तिळी भावंडं. बाईंनी घरी बसून कागदावर लिहून काढलं. बाळ, माळ, पाळ. 'माळ आमची' असेल. गळ्यातली माळ हरवली असेल तिची. किंवा, आणि हे सुचल्यावर बाईंना केवढा धीर आला, 'पाळी आमची?' असेल. डॉक्टरच्या दारात बसलेलं माणूस दुसरं काय विचारणार? आता आत जायची पाळी आमची का? बस्स. त्यांनी तो शब्द आरशात म्हणून पाहिला. 'पाळी'च्या शेवटी 'ई'ला ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात. गॉगलवालीचे ताणले गेले नव्हते. एखाद्या शिकाऊ पोराला ही चूक बाईंनी माफ केली नसती.

दुसऱ्या दिवशी नर्सकडून पत्ता घेऊन त्या तिच्या ऑफिसात गेल्या. काचेचं दार, काचेवर रिकाम्या घरांचे फोटो. गॉगलवाली आत एकटीच होती. तोंडाला मास्क लावलेला.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "तुम्ही बहिऱ्यांच्या शाळेत शिकवता ना? नर्सकडून कळलं. माझी पुतणी रडत घरी गेली. म्हणाली काकू माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. मला आरशात वाचता येत नाही हो. मी काय विचारते? तुम्ही बघितलंत ना काल? सांगा. पाया पडते तुमच्या."

मास्कच्या वर तिचे डोळे लाल होते. आठवडाभर झोप नसलेले.

"पाळी आमची का, असं विचारत होतात," बाई म्हणाल्या. "आत जायची पाळी."

"एवढंच?"

"एवढंच."

गॉगलवालीनं टेबलावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखी रडली. "देवा, मी काय काय समजत होते," असं म्हणत तिनं डोळे पुसले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात रस्त्यावरचा गोंगाट काचेबाहेरच थांबला. मास्कचं कापड आत ओढलं गेलं, बाहेर आलं, आत ओढलं गेलं. ओठ दिसत नव्हते. वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी बाईंचं डोकं कललं, वाकलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि होकार दिला.

गॉगलवालीनं ते पाहिलं. तिचा आवाज मास्कमागून आला, आणि तो तिचाच होता. "तुम्ही हो कशाला म्हणताय?"

बाई मागं सरल्या.

"अहो, मला विचारणं थांबवता येत नाही. तुम्ही निदान हो म्हणू नका! ऐकताय ना? हो म्हणू नका!"

आणि मानेनं त्यालाही हो म्हटलं.

८

"पूर्वीसारखी करून द्या," बाई सर्जनला म्हणाल्या. "सैल करा, लोंबू दे, मुलं हसू देत. मला माझी मान परत द्या."

"मॅडम, कापलेली कातडी परत लावता येत नाही." त्यानं मानेवरून बोटं फिरवली, स्नायू चाचपला. "उत्तम बसलंय सगळं. थोडं आखडणं आहे, त्यावर इंजेक्शन देऊ. व्यायाम सांगतो."

"मला एकदा नाही म्हणायचंय हो. एकदाच. बघा, जमत नाही."

"हळूहळू जमेल. शांत व्हा." त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "इंजेक्शन देऊ ना मग?"

मान डोलली. इंजेक्शननं काही झालं नाही.

बाईंनी मानेला कडक पट्टा आणला, हाडं मोडलेली माणसं लावतात तसला. तो दिवसरात्र घालू लागल्या. पट्ट्यात मान हलत नसे, पण आतून रेटा यायचा, दिवसाकाठी चाळीस-चाळीस वेळा, आणि पट्ट्याचं प्लॅस्टिक करकरायचं. शाळेतून रजा घेतली. मुलीच्या घरी जाणं थांबवलं. तिला आठवा लागला, मग नववा. मुलगी रोज फोन करायची.

"आई, तू येत का नाहीस?"

"मान दुखते गं."

"मग मी येते."

"नको!"

"आई, माझं काही चुकलं का? सगळ्यांच्या आया जवळ असतात. मला भीती वाटते गं रात्री झोपताना. तू जवळ हवी आहेस. एवढं मागते मी, आणि तू नको म्हणतेस."

बाईंनी फोन कानाशी गच्च धरला. सांगायचं काय? कुणीतरी तुझं बाळ मागितलंय आणि मी हो म्हणून बसलेय? त्यांच्याच तोंडून ते वेडसर वाटलं असतं. "माझ्यापासून लांब राहा," एवढंच त्या म्हणाल्या. मुलीनं फोन ठेवला.

नवऱ्यानं हे सगळं ऐकलं. तो त्यांच्याजवळ येऊन बसला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा इतक्या जवळ, आणि त्यानं विचारलं, "अगं, ते काय विचारतात तुला?"

"तुम्हाला कसं कळलं कुणी विचारतं म्हणून?"

"मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस आहे. वर कुणी उभं असेल तर न बघता कळतं." त्यानं पट्ट्याची पकड आणखी एक घर घट्ट केली. "आपण हे सोडायचंच नाही. बाळ होईपर्यंत तरी."

९

बाळ सकाळी दहा वाजता झालं. मुलगी. दोघी सुखरूप. जावयाचा फोन आला तेव्हा बाई पलंगावर बसून होत्या आणि पट्टा करकरत नव्हता.

दुपार झाली, पट्टा गप्पच. संध्याकाळ, रात्र, दुसरी सकाळ. बाईंनी भीत भीत पट्टा सोडला. मान हलकी वाटली. त्यांनी उजवीकडे पाहिलं, मान वळली. डावीकडे पाहिलं. आरशासमोर जाऊन 'नाही' म्हटलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्यांना हुंदका आवरेना. नवरा धावत आला. "सुटले," त्या म्हणाल्या. "अहो, सुटले मी." दोघंही रडले. मग त्यानं स्वतः रिक्षा बोलावली.

चार वाजताची भेटायची वेळ. खोलीत ऊन आलं होतं. पडदा, पाळणा, भिंतीशी एक रिकामी खुर्ची. मुलगी उशीला टेकून बसलेली, दमलेली, आणि आईला पाहताच तिचा सगळा राग वितळून गेला.

"आलीस बाई एकदाची! पट्टा निघाला?"

"निघाला. सगळं गेलं." बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "माफ कर गं पोरी. नंतर सांगेन कधीतरी."

"आधी नातीला बघ." मुलीनं बाळाला खांद्यावर उभं धरलं. एक हात बाळाच्या बुडाखाली. दुसरा हात तिनं आईचा हात धरायला पुढे केला.

"अगं, मानेला हात दे!" बाई किंचाळल्या. "दोन दिवसांचं पोर ते, मान लटकेल!"

"नाही लटकत. हेच तर दाखवायचं होतं तुला." मुलगी अभिमानानं हसली. "नर्ससुद्धा बघून गेल्या. तीन महिने लागतात म्हणे, आणि हिनं दोन दिवसांत मान धरलीय. बघ तरी."

बाळाची मान ताठ होती. चिमुकली, लालसर, आणि ताठ. बाहेर कुठं तरी गाड्या ढकलल्याचा, भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. नवरा दारात उभा होता. त्यानं चौकट घट्ट धरली.

बाळाचं डोकं डावीकडे कललं. किंचित वाकलं. आणि तसंच राहिलं.

बाई मधे शिरल्या. खुर्ची आणि बाळ यांच्या मधे, कुणाच्या समोर ते त्यांना दिसत नव्हतं, तरी हात पसरून उभ्या राहिल्या आणि मान हलवू लागल्या. नाही. नाही. कानांमागचे व्रण तटतट ओढले गेले, तरी थांबल्या नाहीत. त्यांची मान आता सर्वस्वी त्यांची होती. हवी तशी वळत होती आणि कुणाच्याही उपयोगाची नव्हती.

"आई, काय करतेस? घाबरेल ना ती," मुलगी म्हणाली.

बाई नाही नाही म्हणतच राहिल्या. बाळानं त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि सावकाश, जाणत्या माणसासारखी, दोनदा मान डोलावली.